विश्लेषण : वाटाण्याच्या कोंबातून चित्रपट कसा उगवला?

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत दादासाहेब फाळके यांनी गिरगावात पाहिलेल्या येशूच्या चरित्रपटाचा उल्लेख हटकून येतो. येशू पाहताना त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले, हे खरेच. पण कल्पनेवर कोणी कर्ज देत नाही.

वाटाणाच का?

सतत चित्रपट पाहून फाळके यांच्या डोळ्यांवर ताण आला, काही काळ दिसेनासेही झाले. तरी विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथून कॅमेरा आला. आता हे यंत्र काय करू शकते, ते भांडवल देणाऱ्याला दाखवायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि वाढत्या रोपाची चित्रे रोज थोडी थोडी टिपली. आज याला ‘टाइम-लॅप्स’ म्हणतात.

परिणाम काय झाला?

अनेक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता उरकली. कोणतीही पौराणिक कथा ऐकवून जे साधले नसते, ते ‘अंकुराची वाढ’ने साधले. कर्ज मिळाले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला.

ॲनिमेशनशी संबंध कसा?

रोप आपोआप वाढते, आगकाडी हलत नाही. ती किंचित सरकवायची, चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या अशाच हलल्या. ‘स्टॉप मोशन’ करणारे आजही हेच करतात. काडीच्या जागी मातीची बाहुली असते, इतकेच.