पहिला सर्फबोर्ड विकत घेण्याआधी

सहामाही परीक्षा संपत आली की वर्गात सुट्टीच्या बेतांची कुजबुज सुरू होते. कुणी आजोळी कोकणात जाणार, कुणी गोव्याला. अलीकडे त्यात सर्फिंगची भर पडली आहे. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवले. मुले मोबाइलवर लाटा बघत बसतात, आणि पालकसभा संपल्यावर एखादे अब्बा मागे रेंगाळून विचारतात, "मुलगा बोर्ड मागतोय. घेऊन द्यावा का?"

आमचे उत्तर ठरलेले आहे. मुलाला पोहता येत असेल तर जरूर शिकू द्या, पण पहिला बोर्ड विकत घेऊ नका. भाड्याने घ्या.

दुकानात जो बोर्ड डोळ्यात भरतो तो आखूड, टोकदार आणि चकचकीत फायबरग्लासचा असतो. लाटेवर गर्रकन वळणाऱ्या कसलेल्या माणसासाठी तो बनवलेला असतो. नवशिका त्यावर पोटावर झोपला की बोर्ड निम्मा पाण्याखाली जातो, हात मारून मारून खांदे भरून येतात आणि लाट निघून जाते. वर तो कडक असतो. पडताना कपाळावर बसला तर टाकेच पडायचे. नवशिक्यासाठी हवा तो वरून मऊ फोमचा, रुंद, जाड आणि लांब बोर्ड. दिसायला बोजड, पण पाण्यावर पाटासारखा स्थिर.

किती लांब? चाळीस किलोच्या आतल्या मुलाला ७ फूट पुरतो, त्यापुढे सत्तर किलोपर्यंत ८ फूट आणि त्याहून वजनदार माणसाला ९ फूट. बोर्डावर पुष्कळदा लिटरचाही आकडा छापलेला असतो. पालकांना वाटते, यात पाणी भरायचे की काय! तो बोर्डाच्या आकारमानाचा आकडा आहे. शाळेच्या विज्ञानातला आर्किमिडीज इथे कामाला येतो: जितके लिटर जास्त, तितके जास्त वजन तो तरंगवतो. किलोतल्या वजनापेक्षा लिटर बरेच जास्त हवेत. पन्नास किलोच्या मुलाला ६० ते ६५ लिटरपेक्षा कमी घेऊ नका, जास्त असले तर उत्तमच.

आता असा आठ फुटी बोर्ड घरी आणला तर ठेवणार कुठे? दोन खोल्यांच्या घरात तो कपाटामागे जात नाही, एसटीत चढत नाही, गाडीच्या टपावर बांधावा लागतो. उन्हात तापला की फोमचे थर सुटतात. वर्षाकाठी आठ-दहा दिवस वापरायच्या वस्तूसाठी घरखर्चातून एवढी रक्कम काढायची, आणि मुलगा तयार झाला की त्याला वेगळाच बोर्ड लागणार. व्यावसायिक सर्फिंगमध्ये नाव काढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला इशिता मालविया मूळच्या मुंबईच्या. कर्नाटकच्या किनाऱ्यावर त्या आणि त्यांचे सहकारी शिकले तेव्हा सुरुवातीला दोघांत एकच बोर्ड होता. शिकणे त्यामुळे अडले नाही.

भाड्याचा बोर्डही तपासून घ्यावा. हाताने दाबून पाहा. चिरेतून पाणी आत मुरले असेल तर बोर्ड जड लागतो आणि दाबल्यावर पाणी पाझरते. खालचे पंख, म्हणजे फिन, मऊ प्लास्टिकचे असावेत, कारण पायाला काप बसतो तो बहुधा त्यांचाच. आणि पायाला बांधायची दोरी नीट बघा. तिला लीश म्हणतात. ती साधारण बोर्डाइतकी लांब हवी, तिचा पट्टा घट्ट चिकटला पाहिजे, तिला कुठे खाच पडलेली नसावी. ही दोरी तुटली तर बोर्ड किनाऱ्याकडे जातो, मूल खोल पाण्यात राहते आणि सुटलेला बोर्ड दुसऱ्याच कुणाच्या लेकराला लागतो.

दोरीचीही एक गोष्ट आहे. वेटसूट घराघरांत पोहोचवणारे कॅलिफोर्नियाचे जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७० नंतरच्या काळात बोर्ड लागून गेला. त्या सुरुवातीच्या दिवसांत दोरी रबरी नळीची असे. ती ताणली जाई आणि बोर्ड उसळून माणसाकडेच परत येई. आजच्या दोऱ्या पुष्कळ सुधारल्या, तरी पडल्यावर वर येताना आधी दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

मग कपडे. इथे आमच्या भगिनी कान टवकारतील, आणि टवकारावेतही, कारण पुष्कळ मुली केवळ कपड्यांच्या प्रश्नापायी वाळूत बसून भावाच्या चपला राखतात. खरे तर आपल्या उन्हात सर्फिंग करणारे पुरुषही पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदराच घालतात. त्याला रॅश गार्ड म्हणतात. त्याने ऊन लागत नाही आणि बोर्डावर छाती-पोट घासून सोलवटत नाही. त्याच कापडाची पायघोळ तुमान आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी मिळते. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी यांनी २००४ मध्ये बुर्किनी तयार केली, आणि २००७ मध्ये मेक्का लाला ही तरुणी तोच पोशाख घालून सिडनीजवळच्या क्रोनुला किनाऱ्यावर जीवरक्षक झाली. वरचा झगा मांडीपर्यंतचा आणि हलका असावा. सलवार-कमीज, ओढणी किंवा बुरखा घालून मात्र लाटेत उतरू देऊ नका. सुती कापड पाणी पिऊन जड होते, पायात आणि दोरीत अडकते. विकत घ्यायचेच असेल तर हे कपडे घ्या. ते पोहायलाही चालतात आणि धाकट्या बहिणीलाही होतात.

वेटसूटचे काय? गोव्याच्या समुद्राचे पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असते. तिथे जाड वेटसूट म्हणजे वैशाखात गोधडी. हा सूट निओप्रीनचा असतो, त्या रबरातल्या बारीक बुडबुड्यांमुळे अंगाची ऊब टिकते. त्याची गरज थंड पाण्यात. रत्नागिरी-रायगडकडची जी कोकणी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या केपटाऊनला आहेत, त्यांच्या मुलांना जवळच्या म्युझेनबर्गला तो घालावाच लागतो. नवशिक्यांचा तो नामांकित किनारा, पण पाणी गार. तिथे ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा सूट हवा आणि तो अंगाला अगदी चिकटून बसला पाहिजे. पाठीशी किंवा काखेत पोकळी राहिली की गार पाणी आत खेळते. मुलींना वरून सैल झगा घालता येतो. पण तिकडच्या मामूंनी प्रेमाने पाठवलेला तोच सूट घालून मुलगा दापोलीला उतरला तर घामाने हैराण होईल. आणि एक: वेटसूटने माणूस थोडा तरंगतो, म्हणून तो लाइफ जॅकेट होत नाही.

उरले किरकोळ. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेण लावतात. ते उष्ण पाण्याचे मागून घ्या, थंड पाण्याचे आपल्याकडे वितळून जाते. घरातली मेणबत्ती चालत नाही, तिने उलट घसरते.

जायचे ते ऑक्टोबर ते मे या काळात. पावसाळ्यात नाही. प्रशिक्षकाला आधी विचारा की एका वेळी किती मुले घेता, आणि पाण्याची ओढ कुठे आहे. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजायचे नाही, बोर्ड धरून किनाऱ्याला समांतर सरकायचे, हे मुलाकडून वाळूत उभे राहूनच दोनदा वदवून घ्या. परत आल्यावर रॅश गार्ड गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला.