अतिदक्षता विभागातील शांत संगणक

अतिदक्षता विभागात परिचारिकांच्या टेबलावरील संगणक रात्रभर घरघरत असे. रुग्णांची झोपमोड होते, ही नातेवाइकांची तक्रार रास्तच होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णकक्षातील रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा. देणगीच्या रकमेतून आम्ही सुटे भाग घेऊन नवा संगणक जुळवून घेतला. त्यात ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसविला. मोठा पंखा कमी वेगातही तेवढीच हवा खेळवितो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली. तीत फिरणारा भागच नसतो. पंखा मुळीच नको, अशीही एक सूचना होती. परंतु रुग्णांच्या नोंदींचे यंत्र तापून बंद पडणे आम्हांस परवडणारे नाही. जाळीवर धूळ साचल्यास पंख्याचा वेग व आवाज पुन्हा वाढतो, म्हणून सफाईचे काम मासिक देखभालीत समाविष्ट केले आहे.