रेषेचा कोन, दोन डोळे आणि मेंदूची मांडणी

औंढा नागनाथच्या देवळाची भिंत पाहताना जोत्याच्या आडव्या थरांनी मेंदूतल्या काही पेशी जाग्या होतात, उभ्या खांबांनी दुसऱ्याच. या पेशी डोक्याच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्स नावाच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या थरात असतात.

हे कळले ते काहीसे योगायोगानेच. १९५८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या कॉर्टेक्समधल्या एका पेशीचे विद्युत संदेश टिपत होते. काचपट्टीवरचा काळा ठिपका दाखवून पेशी दाद देईना. मात्र काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशीने संदेशांची सरबत्ती सुरू केली. तिला ठिपका नको होता, ठरावीक कोनातली रेषा हवी होती.

पुढे माकडांवर पाहता त्यात शिस्त आढळली. सूक्ष्म तार कॉर्टेक्समध्ये सरळ खाली उतरवली तर वाटेतल्या पेशी एकाच कोनाला प्रतिसाद देतात. तिरपी नेली तर दर ०.०५ मिलिमीटरला कोन साधारण १० अंशांनी बदलतो. १९९१ मध्ये बोनहोफर आणि ग्रिनवाल्ड यांनी या मांडणीची चित्रे घेतली, तेव्हा सगळे कोन काही बिंदूंभोवती भिंगरीच्या पात्यांसारखे फिरलेले दिसले.

डोळ्यांची विभागणी याच जागेत बसते. दोन्ही डोळ्यांचे संदेश थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातून वेगवेगळ्या थरांतून येतात आणि कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात आलटून पालटून पट्ट्यांत उतरतात: एक डाव्या डोळ्याचा, पुढचा उजव्याचा. माणसात अशी एक पट्टी एक मिलिमीटरपेक्षा किंचित अरुंद असते. त्यावरच्या आणि खालच्या थरांत दोन्हींचा मेळ बसतो. वस्तू किती जवळ, किती लांब हे समजण्याची सुरुवात इथून होते.

या मांडणीचा आराखडा जन्मतःच असतो, पण तो टिकतो वापराने. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला, तर त्याच्या वाट्याच्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या डोळ्याकडे जातात. मोठ्या मांजरात असे होत नाही. १९६३ च्या या निष्कर्षांनी बालनेत्रोपचाराची दिशाच बदलली. १९८१ चे नोबेल ह्यूबेल आणि वीझल यांना रॉजर स्पेरी यांच्यासह मिळाले.

मुलांतला ‘आळशी डोळा’ हा याच प्रक्रियेचा परिणाम. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतली मोठी तफावत किंवा जन्मजात मोतीबिंदू यांमुळे एका डोळ्याचे चित्र मेंदू बाजूला सारू लागतो. दुसऱ्या डोळ्याने मूल व्यवस्थित वावरते, म्हणून घरी पत्ता लागत नाही. चांगला डोळा झाकताच तान्हे मूल रडून हात ढकलते, दुसरा झाकला तर गप्प राहते. ही खूण आईवडिलांनी जरूर लक्षात ठेवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांना तपासतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगावच्या खेड्यांत हा दोष वेळेत सापडण्याची ती मोठी संधी असते. उपचारात आधी चष्मा देतात, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सातव्या वर्षाच्या आत गुण जास्त येतो. पुढेही काही मुलांना फायदा होतो. जन्मजात दाट मोतीबिंदू मात्र पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो.