पोरावर जबरी चोरीचा आळ आला, तर...

भिवंडी हे रात्री न झोपणारे शहर. वस्त्यांमध्ये यंत्रमागांची खडखड, मुंबई-नाशिक महामार्गावर ट्रकांची रांग, मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातील गोदामांमध्ये पहाटेपर्यंत मालाची चढउतार. आपली माणसे या शहरात मागावर राबतात, हमाली करतात, गोदामाच्या दारावर रखवाली करतात, टेम्पो चालवतात. जिथे माल, रोकड आणि अंधार एकत्र येतात तिथे लूटमारही होते. आणि लूट झाली की संशयाची पहिली बोटे गरिबांच्या वस्तीकडे वळतात, हा आपला जुना अनुभव आहे.

मग एके रात्री दारावर थाप पडते आणि पोराला "साहेबांनी बोलावलंय" म्हणून नेले जाते. घरात रडारड सुरू होते. कोणी पुढाऱ्याकडे धावतो, कोणी "दहा हजारात मिटवून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हाती मंगळसूत्र गहाण ठेवून आणलेले पैसे देतो. वकील आठवतो तो सगळ्यात शेवटी, महिना-दोन महिन्यांनी. वाचकहो, हा क्रम उलटा झाला पाहिजे. वकील आधी, बाकीचे नंतर. असे का, हे समजण्यासाठी आपल्याच राज्यातील एक खटला पाहू.

नाशिकचे ते सहाजण

जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. दरोडेखोरांनी घरातील पाच जणांचा जीव घेतला, स्त्रियांवर अत्याचार केले. गुन्हा अमानुष होता, यात शंका नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक केली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. सहापैकी एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कैक वर्षांनी सिद्ध झाले!

मग पुनर्विचाराच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने खटल्याची कागदपत्रे पुन्हा तपासली. त्यात काय निघाले? या दरोड्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधील फोटोंवरून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. तोपर्यंत त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

ज्या जबाबाने हे सहाजण सुटले, तो २००३ पासून अस्तित्वात होता. कागद होता, पण त्या कागदाचा अर्थ न्यायालयाच्या गळी उतरायला सोळा वर्षे लागली. निर्दोष असणे पुरेसे नाही. निर्दोषपणाचा कागद वेळेवर आणि ठामपणे न्यायालयासमोर मांडणारा माणूस लागतो. त्या माणसालाच फौजदारी वकील म्हणतात.

चोरी, जबरी चोरी आणि दरोडा

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. लोक अजून '३९२', '३९५' म्हणतात, ते आता बदलले आहे. साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते. हातातला मोबाईल किंवा गळ्यातली साखळी झटकन हिसकावून पळणे यासाठी कलम ३०४ नव्याने आले आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चोरी करताना मारहाण केली, अडवून ठेवले किंवा जिवाची भीती घातली, तर ती जबरी चोरी, कलम ३०९. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी महामार्गावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत. जबरी चोरीत दुखापत केली तर जन्मठेपेपर्यंत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर दरोडा, कलम ३१०. प्राणघातक हत्यार वापरले तर कलम ३११ खाली किमान सात वर्षे. मात्र हे कलम ज्याने स्वतः हत्यार वापरले त्यालाच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच जुन्या कायद्याच्या संदर्भात सांगितले आहे.

म्हणून कलम कोणते लागले, हा वकिलाचा पहिला प्रश्न असतो. समजा, थकलेल्या पगारावरून शेठशी बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली आणि शेठने फिर्यादीत "खिशातून पैसे काढून घेतले" असे लिहून दिले. झटापट तर झाली, पण चोरीचा अप्रामाणिक हेतू होता का? फिर्यादीला किती तास उशीर झाला? हे प्रश्न पहिल्याच तारखेला उभे राहिले पाहिजेत.

पहिले चोवीस तास

पोलिसांनी अटक केली की अटकेचा पंचनामा करावा लागतो आणि घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवावे लागते. अटकेची कारणे सांगावी लागतात. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की, कोणत्याही गुन्ह्यात ही कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी. मराठी माणसाला इंग्रजी कागद देऊन चालणार नाही.

चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. मारहाण झाली असेल तर पोराने ती डॉक्टरांना आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना तिथेच, तोंडाने सांगावी. चार दिवसांनी सांगितलेल्या वळांवर कोणी विश्वास ठेवत नाही. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, जरी वकील संपूर्ण चौकशीभर बसू शकत नसला तरी. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला आहे. पोराला खरोखर केव्हा आणले, यावर वाद असेल तर ते चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाकडून लगेच करून घ्यावा.

घरच्यांनी एका वहीत लिहावे: कोण आले, किती वाजता, कोणत्या पोलीस ठाण्याचे, कुठे नेले. एफआयआरची प्रत मागून घ्यावी. पोरगा अठरा वर्षांखालील असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला घेऊन धावावे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. नाशिकच्या खटल्यात वयाचा मुद्दा वेळीच पुढे आला असता तर?

फुकट वकील : भीक नव्हे, हक्क

"वकील करायला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळाले, म्हणून जातीचा दाखला घरात तयार हवा. भिवंडीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती किंवा ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करावा. १५१०० हा देशभराचा मोफत फोन नंबर आहे.

पहिल्यांदा हजर केल्यापासूनच गरीब आरोपीला वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले. त्याआधी १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात, अपिलासाठीही मोफत वकील आणि निकालाची मोफत प्रत मिळाली पाहिजे, असे सांगितले.

आणि या हक्काचे मूळ कुठे आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये. अटकेची कारणे कळणे, आपल्या पसंतीचा वकील, चोवीस तासांत हजर करणे, हे सारे त्यात आहे. हा अनुच्छेद १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. १९२३ पासून बॅरिस्टर म्हणून त्यांनी गोरगरिबांची बाजू मांडली होती. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात आरोपींच्या वतीने अपील लढवून ते जिंकले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे एकटेपण त्यांनी जवळून पाहिले होते. तो हक्क आपण न वापरणे म्हणजे तो फुकट घालवणे होय.

खटला कशावर उभा असतो?

जबरी चोरीचा खटला बहुधा तीन पायांवर उभा असतो. पहिला पाय ओळख परेड. अंधारात, क्षणभर पाहिलेला चेहरा ओळखणे कठीण. परेडपूर्वी आरोपीचा चेहरा झाकला होता का, साक्षीदाराला फोटो किंवा मोबाईलवर चेहरा दाखवला होता का, परेडला किती दिवस उशीर झाला, त्याच वयाची-बांध्याची माणसे रांगेत होती का, हे वकील उलटतपासणीत विचारतो.

दुसरा पाय जप्त मुद्देमाल. पंचनाम्यातील पंच कोण होते? वस्तू बंद पेटीतून निघाली की सर्वांना मोकळ्या असलेल्या जागेतून? फिर्यादीत त्या वस्तूची खूण लिहिली होती का? नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. ते चित्रीकरण वकिलाने मागावेच.

तिसरा पाय कबुली. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग पुढे येतो. मोक्का लागला असेल तर मात्र नियम वेगळे आहेत, कारण त्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली चालते. म्हणून "कबूल कर, लवकर सुटशील" या शब्दांना भुलू नये. शिक्षेचा शिक्का बसला की नोकरीची पडताळणी, पासपोर्ट, सारेच अडते.

यापलीकडे घरच्यांचे काम आहे. पोरगा त्या रात्री पाळीवर होता? कारखान्याचे हजेरीपुस्तक, गोदामाच्या गेटची वही, नाक्यावरच्या दुकानाचे सीसीटीव्ही यांची माहिती त्याच आठवड्यात वकिलाला द्यावी. सीसीटीव्हीवर काही दिवसांत नवे चित्रीकरण चढते आणि जुने पुसले जाते. मोबाईल कोणत्या टॉवरखाली होता, याची नोंद कंपनीकडून न्यायालयामार्फत मागवता येते.

जामिनाचा हिशेब

गुन्ह्याच्या कलमानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र दाखल होण्याआधी. एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. हे दिवस वकिलाबरोबर घरच्यांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजावेत. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेची तरतूद आहे. मात्र जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले चालू असतील तर ती लागू होत नाही.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून कितीतरी पोरे आधारवाडी किंवा ठाण्याच्या तुरुंगात पडून असतात. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवले पाहिजे. एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय अट सौम्य करू शकते. दलालाला पैसे देण्याआधी हे विचारा.

आणि गुन्हा खरोखर घडला असेल तर?

हेही स्पष्ट बोलले पाहिजे. लुटला गेलेला माणूसही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. कोणाची महिन्याची कमाई, कोणाच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे गेलेले असतात. पोराने चूक केली असेल तर साक्षीदाराला धमकावणे, फिर्यादीच्या दारात जमाव नेणे हा मार्ग नाही. त्याने जामीन तर जाईलच, दुसरा गुन्हाही लागेल. जबरी चोरी आपसांत मिटवण्याजोगा गुन्हा नाही, म्हणून "केस मागे घ्यायला लावतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वकिलाला मात्र सारे खरे सांगा. वकिलापासून लपवलेली गोष्ट सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकण्याची वेळ येऊ नये. केलेल्या गुन्ह्यापुरतीच शिक्षा व्हावी, न केलेल्याची होऊ नये, हेही बचावाचेच काम आहे.

नाशिकच्या त्या सहाजणांना न्याय मिळाला, पण तारुण्य परत मिळाले नाही. भिवंडीतल्या कोणत्याही पोराच्या वाट्याला ते येऊ नये यासाठी प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार शिकलेल्या तरुण-तरुणींनी विधी सेवा समितीचे कार्यालय एकदा स्वतः पाहून यावे, अर्जाचा नमुना आणून ठेवावा आणि १५१०० हा नंबर विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहावा. रात्री दारावर थाप पडेल तेव्हा नंबर शोधत बसायला वेळ नसतो.