पाहुणा परदेशी नागरिक असेल तर नोंदणी कोणी करावयाची?

नाताळ जवळ येऊ लागला की सातारा-सांगली भागातील ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘तिकडची मंडळी यंदा येणार का?’ हे ‘तिकडचे’ म्हणजे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेले आपलेच लेकी-सुना आणि मुलगे-जावई. येतात तेव्हा घर भरून जाते. मात्र गेल्या काही वर्षांत या आनंदाबरोबर एक धास्तीही घरात शिरू लागली आहे. ‘परदेशी पासपोर्टवाला पाहुणा घरी ठेवला तर पोलिसांत कळवावे लागते म्हणे, नाही तर दंड होतो’, असे कोणीतरी सांगते. दुसरा म्हणतो, ‘छे, ते फक्त हॉटेलांसाठी!’ आमच्याकडेही याविषयी वारंवार विचारणा होते. म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडत आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा, रहिमतपूरच्या एका कुटुंबातील मुलगी परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली, तेथील नागरिक झाली. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्याने तिला भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. पुढे तिने ओसीआय कार्ड घेतले. तिचा पती फिलिपिन्सचा, आपल्यासारखाच कॅथलिक. तो पर्यटक व्हिसावर येतो. दोन लेकरे. आता हे चौघे पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने रहिमतपूर स्थानकावर उतरतात. माहेरचे घर दोन खोल्यांचे, त्यात आजारी आई. तेव्हा दोन रात्री घरी आणि उरलेले आठ दिवस साताऱ्यात एखाद्या लॉजवर राहून ये-जा करावी, असा बेत ठरतो. लॉजचा व्यवस्थापक पासपोर्ट पाहतो आणि म्हणतो, ‘‘ताई, फॉरेनर आम्ही घेत नाही.’’

असा नकार देण्यास कायदा सांगतो काय? मुळीच नाही. कायदा सांगतो ते एवढेच की परकीय नागरिकास निवारा देणाऱ्याने त्याची माहिती, तो आल्यापासून २४ तासांच्या आत, परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत यासाठी वेगळी कार्यालये आहेत. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात जिल्हा पोलीस अधीक्षक हेच हे काम पाहतात. पूर्वी हा नियम १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि १९९२ चे नियम यांत विभागलेला होता. त्या नियमांतील ‘सी फॉर्म’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा, २०२५ अमलात आला आणि हे जुने कायदे रद्द झाले. फॉर्मचे नाव व क्रमांक बदलले, परंतु २४ तासांची मुदत आणि मुख्य कल्पना तीच राहिली. नव्या कायद्यात शैक्षणिक संस्था आणि रुग्णालये यांच्यावरही परकीय विद्यार्थी व रुग्ण यांची माहिती देण्याचे बंधन स्पष्टपणे घातले आहे. पाचगणीच्या आपल्या शाळा आणि मिरजेची रुग्णालये यांना याची कल्पना असेलच.

येथे एक मुद्दा नीट समजून घ्यावयास हवा, कारण सारा गोंधळ त्यातूनच होतो. वरील बंधन पाहुण्यावर नाही, यजमानावर आहे. व्हिसावर येणाऱ्या सामान्य पर्यटकास रहिमतपूरहून कऱ्हाडला, कऱ्हाडहून कोल्हापूरला जाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. संरक्षित व प्रतिबंधित क्षेत्रे सोडली तर तो देशभर हिंडू शकतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ओसीआय कार्डधारकांस ती माफ आहे. पण हा पाहुणा जेथे जेथे मुक्काम करील, तेथील दार उघडणाऱ्याने कळवावयाचे आहे. आणि ‘निवारा देणारा’ म्हणजे केवळ हॉटेलवाला नव्हे. धर्मशाळा, वसतिगृह, धर्मगुरुनिवास, भगिनींचे मठ आणि खासगी घरसुद्धा त्यात येते. ओसीआय कार्डधारकाविषयीही हेच लागू आहे, कारण आपल्याला ती कितीही ‘आपली’ वाटली तरी कायद्याच्या दृष्टीने ती परकीय नागरिकच आहे. आईच्या घरी आलेल्या लेकीची नोंद आईने ‘परकीय’ म्हणून करावयाची, हे मनाला लागते खरे. परंतु त्याला इलाज नाही.

परिणामी पाहुणा कोठे झोपणार, कोठे जेवणार आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती पडणार, हे कायद्यापेक्षा यजमानाच्या भीतीवर ठरू लागले आहे. हॉटेलाने ऑनलाइन खाते उघडावयाचे, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती स्कॅन करावयाच्या, छायाचित्र जोडावयाचे. मोठ्या हॉटेलात त्यासाठी संगणकावर बसलेला माणूस असतो. तालुक्याच्या गावातील सहा खोल्यांच्या लॉजमध्ये रात्री एक मुलगा असतो, आणि त्याला मालकाने एवढेच सांगितलेले असते की भानगड नको. म्हणून परदेशी पाहुणा महाबळेश्वरच्या किंवा पुण्याच्या महागड्या हॉटेलाकडे वळतो. आमच्या उदाहरणातील कुटुंब आठ दिवस साताऱ्यात राहिले असते तर लॉजचे भाडे, खानावळ, कासचे पठार दाखवणारा गाडीवाला, कंदी पेढ्यांचे दुकान, लेकरांचे औषध, असा खर्च जागोजागी झिरपला असता. ते तिसऱ्याच दिवशी पुण्याला गेले तर यातले काहीच होत नाही. आणि आजारी आईच्या वाट्याला आलेले दहा दिवस दोनावर येतात, हे नुकसान कोणत्या हिशेबात मांडावयाचे?

आमचाही एक अनुभव सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध परदेशी धर्मगुरू आमच्या भेटीस आले होते. परतीच्या प्रवासात एका तालुक्याच्या गावी आम्हांस रात्र झाली. दोन लॉजवर विचारले; दोन्हीकडे पासपोर्ट पाहून नकार मिळाला. शेवटी भाड्याची गाडी करून मध्यरात्री पुणे गाठले. गाडीभाडे लॉजच्या भाड्याच्या कितीतरी पट झाले आणि त्या वृद्ध गृहस्थांना दुसरे दिवशी ताप भरला. आम्ही त्या लॉजमालकांवर बराच राग धरला. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात हे पाहुणे आमच्याकडे तीन दिवस राहिले होते आणि त्यांची माहिती आम्ही स्वतः तिसऱ्या दिवशी, तीही साध्या कागदावर लिहून, पोलीस ठाण्यात नेऊन दिली होती! तेथील हवालदारांनी शांतपणे सांगितले, ‘‘फादर, आता हे कागदावर चालत नाही. बसा, मी दाखवतो.’’ पंधरा-वीस मिनिटांत काम झाले. त्या लॉजवाल्यांना असा दाखवणारा कोणी भेटला नसावा.

सरकार हे सारे का करते, याचे उत्तर आमच्याच धर्मप्रांताच्या मुख्य शहरात आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी पासपोर्टवर भारतात येत असे, आणि तो पुण्याच्या कोरेगाव पार्क भागातही राहून गेला होता. (हे पुण्याचे कोरेगाव; रहिमतपूर ज्या तालुक्यात येते ते नव्हे.) त्याच भागातील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी स्फोट झाला. त्यानंतर पुण्यात ‘सी फॉर्म’ची तपासणी कडक झाली. तेव्हा नियम निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र त्याचे मूळ भीतीच्या काळातले आहे हेही खरे. १९३९ चा कायदा दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर झाला. युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातील जर्मन व इटालियन नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत मिशनरी होते, आणि हिटलरच्या जाचाला कंटाळून येथे आलेले ज्यूसुद्धा होते. पुरंदर किल्ला आणि आपले सातारा शहर येथे अशा लोकांना ठेवले जाई. त्यांना ठरलेल्या हद्दीबाहेर जाता येत नसे. त्याच युद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत उभी राहिली. बहुतेक सारे कॅथलिक, त्यातही स्त्रिया व मुले अधिक. वसाहतीत त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. १९४८ पर्यंत ही मंडळी तेथे होती, आणि कोल्हापूरच्या बाजारात त्यांची खरेदी चाले. आज कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे, आणि तिकडे वॉर्सा शहरात कोल्हापूरचे. त्या वसाहतीत वाढलेली माणसे म्हातारपणी पुन्हा पुन्हा वळिवडे पाहावयास येत राहिली. एकाच परिसरात, एकाच युद्धात, एका परकीयास हद्द घातली गेली आणि दुसऱ्यास घर दिले गेले.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. थायलंडमध्ये १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार घरमालकाने परदेशी रहिवाशाची माहिती २४ तासांत द्यावयाची असते. २०१९ मध्ये या कलमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तेथे स्थायिक झालेला एखादा परदेशी शेजारच्या प्रांतात दोन दिवस सहलीस गेला की परतल्यावर त्याची पुन्हा नोंद करावी लागे. अनेकांनी सहलीच बंद केल्या. त्यांचे म्हणणे असे की आम्ही येथे पैसा खर्च करतो, कर भरतो, आणि समुद्रकिनारी एक रात्र काढली तर दंडाची भीती! तक्रारी वाढल्या आणि २०२० मध्ये हे नियम शिथिल झाले. आपल्याकडे सुदैवाने प्रवास करणाऱ्यावर एवढा जाच नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर ओसीआय कार्डाचा एक लाभ सांगून ठेवतो. देशांतर्गत विमानभाडे, तसेच राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, स्मारके व संग्रहालये यांचे प्रवेशशुल्क याबाबत ओसीआय कार्डधारकास भारतीय नागरिकाप्रमाणेच आकारणी होते. अजिंठा-वेरूळसारख्या ठिकाणी २०१८ च्या दरांनुसार भारतीयास ४० रुपये तर परदेशी पर्यटकास ६०० रुपये पडतात. म्हणजे आमच्या उदाहरणातील लेकीने कार्ड दाखवावे. जावईबापूंना मात्र पूर्ण सहाशेच द्यावे लागतील. कार्ड इंग्लंडच्या घरी कपाटात ठेवून येणारे काही महाभाग आम्हांस ठाऊक आहेत.

धर्मग्रामांनी एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकास ‘मिशनरी’ स्वरूपाच्या कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले भूमिपुत्र धर्मगुरू सुटीवर आले की आपण त्यांना उत्साहाने तपसाधनेची प्रवचने देण्यास बोलावतो. आईवडिलांना भेटणे वेगळे आणि जाहिरात करून तीन दिवसांचे शिबिर घेणे वेगळे. अशा वेळी आधीच लेखी विचारणा करावी. उत्तर येईपर्यंत हस्तपत्रिका छापू नयेत. यजमानाच्या उत्साहाची किंमत पाहुण्याला पुढच्या प्रवासात मोजावी लागू शकते.

ज्यांच्यासाठी हे नियम खरोखरच कठोर ठरले, अशी कॅथलिक कुटुंबेही आहेत. कराचीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गोवेकर ख्रिस्ती १९४७ नंतर पाकिस्तानचे नागरिक झाले. त्यांचे सख्खे नातलग मुंबई, पुणे व गोवा येथे राहिले. पाकिस्तानी नागरिकास मिळणाऱ्या व्हिसावर कोणकोणत्या शहरी जावयाचे ते लिहिलेले असे, आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर व निघताना पोलिसांत हजेरी लावावी लागे. मुंबईत बहिणीकडे आलेल्या भावाच्या व्हिसावर पुण्याचे नाव नसेल, तर पुण्यातील दुसऱ्या बहिणीनेच मुंबईस यावयाचे. पहलगाम येथील हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द केले. रहिमतपूरच्या आईने भरावयाचा एक फॉर्म या तुलनेत काहीच नव्हे.

बेथलेहेमच्या कथेतही एक सरकारी नोंदणीच आहे, हे आपण नाताळात सहसा विसरतो. योसेफ व मरिया त्या नोंदणीसाठीच घर सोडून निघाले होते, आणि सम्राटाच्या हुकमात त्यांना उतारशाळेत जागा देऊ नका असे कोठेही म्हटलेले नव्हते.

ज्यांच्याकडे या नाताळात अथवा मे महिन्याच्या सुटीत परदेशी नागरिक असलेले पाहुणे यावयाचे आहेत, त्यांनी पाहुणे येण्यापूर्वीच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक विभागात चौकशी करावी. ऑनलाइन खाते एकदाच उघडावे लागते, पण ते मंजूर होण्यास वेळ जाऊ शकतो. २४ तासांची मुदत मात्र पाहुणा उंबऱ्यात पाऊल टाकताच सुरू होते. पाहुण्यांकडून पासपोर्ट, व्हिसा अथवा ओसीआय कार्ड यांच्या स्पष्ट प्रती आणि एक छायाचित्र आधीच मागवून घ्यावे. ज्या धर्मगुरुनिवासांनी व मठांनी जुन्या पद्धतीत खाते उघडले होते, त्यांनी ते नव्या कायद्यानंतर सुरू आहे की नाही हे तपासावे. संगणकाची सवय नसलेल्या घरांना धर्मग्रामातील तरुणांनी हे काम करून द्यावे, आणि ओळखीच्या एखाद्या लॉजमालकासही एकदा शेजारी बसवून फॉर्म कसा भरावा ते दाखवावे.