राक्षसकुळाची कैफियत

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले म्हणजे शहराच्या हद्दीतच बाळे लागते. तेथील खंडोबाच्या देवळातून चंपाषष्ठीच्या दिवशी भंडाऱ्याने पिवळा होऊन बाहेर पडणाऱ्या भाविकास मणी आणि मल्ल हे कोण, असे विचारल्यास ‘देवाने मारलेले दोन राक्षस’ एवढे उत्तर देऊन तो पुढे चालू लागेल. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की, ज्या कथेमुळे ही यात्रा भरते तिचा अर्धा भाग त्यातून निसटून जातो. राक्षस म्हणजे शिंगे असलेला, बुद्धीने मंद, माणसे खाणारा आणि अखेरच्या पानावर मारला जाणारा एक अक्राळविक्राळ प्राणी, ही जी समजूत चित्रांच्या पुस्तकांनी व नाटकांतल्या सोंगांनी मुलांच्या मनात रुजविली आहे, तिला आपल्या पुराणांत आणि दैवतकथांत आधार फारच थोडा सापडतो, आणि म्हणून तिचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम मणी-मल्लांचेच पाहू. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत मार्तंडभैरवाचे, म्हणजे खंडोबाचे, या दोघा भावांशी युद्ध झाले, आणि मणी जेव्हा धारातीर्थी पडला तेव्हा त्याने देवाला शरण जाऊन, आपणास कायम त्याच्या सन्निध राहता यावे, असे मागणे मागितले व ते मान्य झाले. जेजुरीच्या गडावर आजही मणीची मूर्ती आहे आणि देवदर्शनास आलेली माणसे तिलाही हात जोडतात. मल्लाविषयी दोन परंपरा आहेत. त्याचे शिर पायरीशी ठेवले गेले, म्हणून भाविक त्यावर पाय देऊन वर चढतो, असे एक सांगते. त्याने आपले नाव देवाच्या नावाआधी यावे असा वर मागितला व त्यामुळे देव मल्हारी झाला, असे दुसरी सांगते. यांतील कोणतीही परंपरा स्वीकारली तरी पराजित दैत्य निकालात निघाला असे होत नाही. त्याला देवस्थानात एक हक्काची जागा मिळते, आणि ती वहिवाट पिढ्यान् पिढ्या कोणी मोडीत नाही. कोल्हासुराने मरताना आपले नाव नगराला मिळावे असे मागितले आणि करवीराचे कोल्हापूर झाले, ही कथाही याच जातीची आहे.

कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून हजारो माणसे ज्या तुळजापूरला पायी जातात, तेथील भवानीने अनुभूती या तपस्विनीच्या रक्षणार्थ कुकुर नावाच्या दैत्याला मारले, आणि मरण्यापूर्वी त्याने रेड्याचे रूप घेतले होते, असे माहात्म्य सांगते. देवीच्या पायाखाली रेडा दिसला म्हणजे आपण त्याची सरळ पापपक्षात गणना करतो. परंतु याच मुलखात शेतांच्या बांधावर शेंदूर माखलेला जो म्हसोबा बसलेला असतो, त्याला नारळ फोडल्याशिवाय पुष्कळ कुणबी औत धरीत नसत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२च्या ग्रंथात म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडले आहे, तर महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त, म्हणजे १८७३ साली, म्हसोबाला बळीराजाच्या राज्यातील एक मोठा सुभेदार ठरविले होते. या दोन उपपत्ती एकमेकींपासून कितीही दूर असल्या तरी, गडावर जो वध्य तो खाली शिवारात पूज्य असू शकतो, ही गोष्ट दोघांनाही महत्त्वाची वाटली होती.

राक्षस, दैत्य, दानव, भूत, वेताळ या साऱ्यांना एकाच पोत्यात भरणे, हा दुसरा आणि कदाचित सर्वांत रूढ गैरसमज होय. दैत्य हे दितीचे पुत्र, दानव हे दनूचे पुत्र, आणि देव हे अदितीचे. तिन्ही शाखांचा पिता एकच, कश्यप. तेव्हा देवासुरांचे वैर हे मुळात भाऊबंदकीचे वैर आहे. राक्षसांचा वंश निराळा. रावण हा विश्रवा ऋषीचा मुलगा व पुलस्त्याचा नातू. धनाधिपती कुबेर हा त्याचा सावत्र भाऊ. हे सर्व जन्मतात, विवाह करतात, मुलांना वाढवितात आणि मरतात. याउलट मुंजा, समंध, हडळ ही मंडळी मेलेल्या माणसांची आहेत: मुंज होऊन लग्नाआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे, पण कोणताही राक्षस पिंपळावर राहत असल्याचा दाखला मला पुराणांत आढळलेला नाही. वेताळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त तो प्रेतात संचार करून राजाच्या खांद्यावर बसतो खरा, परंतु कपटी भिक्षूच्या हातून त्या राजाचे प्राण वाचविणाराही तोच असतो. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा तर गावाचा राखणदार. तो रात्री हद्दीवरून फिरतो व त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात.

सवयींकडे वळायचे तर युरोपातील एका दूरच्या जमातीचा उल्लेख उपयोगी पडेल. नॉर्वेमध्ये अस्ब्यॉर्नसेन आणि मो या दोघांनी १८४०च्या दशकात ज्या लोककथा संगृहीत केल्या, त्यांतील ट्रोल डोंगरात राहतो, बलाढ्य पण ढिला असतो, चतुर पोराकडून फसतो; आणि उन्हाचा किरण अंगावर पडताच दगड होतो, असे त्या मुलखातील काही लोककथांत सांगितले जाते. आपल्याकडे भाषांतरित गोष्टींतून हे स्वरूप येऊन राक्षसाच्या अंगावर चढले आहे. आपला राक्षस निशाचर आहे, म्हणजे रात्री त्याचे बळ व माया वाढते. पण दिवस उजाडला म्हणून त्याचा पाषाण होत नाही. हिडिंबेने भीमाला दिवसभर आपल्यासोबत ठेवावे आणि रात्री परत आणून पोचवावे, अशी अट युधिष्ठिराने घातली होती. तिचा संसार दिवसाउजेडी झाला. मंदबुद्धीचा आरोप तर मुळीच टिकत नाही. मयासुराने पांडवांची सभा चौदा महिन्यांत उभारली, आणि मेलेल्यास उठविणारी संजीवनी विद्या असुरांच्या गुरूपाशी होती, ती शिकण्यासाठी देवांना कचास त्याच्याकडे पाठवावे लागले.

आता बकासुर. मराठीत हे नाव खादाडपणाचा पर्याय होऊन बसले आहे, आणि त्याने महाभारतातील एका विलक्षण प्रकरणावर पडदा पडला आहे. आदिपर्वात एकचक्रा नगरीतला ब्राह्मण कुंतीला आपली हकीकत सांगतो ती लक्षपूर्वक ऐकली पाहिजे. त्या प्रांताचा राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहत असून रयतेचा बंदोबस्त करण्यास असमर्थ आहे. बक मात्र परचक्रापासून आणि भुतांपासून नगरीचे रक्षण करतो, आणि या कामाचे वेतन म्हणून गाडाभर भात, दोन रेडे व ते घेऊन जाणारा माणूस एवढा ऐवज घेतो. घरटी पाळी ठरलेली आहे. ती पुष्कळ वर्षांनी येते, आणि जो ती चुकवू पाहतो त्याचा सहकुटुंब फडशा पडतो. याला मी भुकेची गोष्ट म्हणणार नाही. राजाने टाकून दिलेली रक्षणाची जबाबदारी एका बलवानाने उचलून तिच्यावर भयंकर पट्टी बसविली, असा हा कारभार आहे, आणि ब्राह्मणाच्या तक्रारीचा रोख राक्षसाइतकाच निष्काळजी राजाकडेही आहे. असा राजा असलेल्या मुलखात राहिलोच कशाला, म्हणून तो शोक करतो, बायकोने माहेरचे गाव सोडू दिले नाही म्हणून तिला दोष देतो, तेव्हा व्यासांनी एका सामान्य कुटुंबावर आलेल्या आपत्तीचे जे चित्र काढले आहे ते वाचताना छाती दडपते.

पुढे भीमाने गाड्यावरचा भात स्वतः खाल्ला व बकाला मारले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण कथा तेथे संपत नाही. आरडाओरड ऐकून बकाचे आप्त व चाकर घरातून बाहेर आले. ते भयभीत झालेले पाहून भीमाने त्यांच्यावर हात टाकला नाही. त्याने त्यांना धीर दिला आणि यापुढे मनुष्यहत्या करणार नाही असा करार करवून घेतला. त्यांनी तो पाळला आणि त्या दिवसापासून नगरवासीयांस ते राक्षस सौम्य दिसू लागले, असे ग्रंथकार स्पष्ट लिहितो. मनुष्यभक्षण ही जर त्या कुळाची न टाळता येणारी प्रकृती असती, तर या कराराला अर्थच उरला नसता. ती सवय होती, आणि सवय सुटू शकते, असे महाभारतकाराला वाटत होते.

मात्र बकाच्या साऱ्याच नातलगांनी वैर सोडले नव्हते. द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या रात्री मशालींच्या उजेडात लढाई चालू असता, अलायुध नावाचा राक्षस बकाचा सूड घेण्याची आठवण धरून दुर्योधनाकडे आला आणि भीमावर चालून गेला. भीम संकटात सापडला तेव्हा त्याच्या रक्षणासाठी कृष्णाने घटोत्कचाला, म्हणजे हिडिंबेच्या मुलाला पाठविले. राक्षसाने राक्षसाचे शिर उडविले, आणि ते नेऊन दुर्योधनापुढे टाकले. त्याच रात्री, कर्णाने अर्जुनासाठी जपून ठेवलेली इंद्राची शक्ती आपल्या छातीवर घेऊन, घटोत्कचही पडला. पडता पडता त्याने आपला देह वाढविला तो एवढ्यासाठी, की कौरवांची एक अक्षौहिणी त्याखाली चिरडली जावी.