क्रेडिट कार्डाची रोजकीर्द

रोख पैसे देतांना पाकीट हलकें होतें; कार्डानें दिल्यास तसें कांहींच जाणवत नाहीं. खर्चाची एकूण रक्कम कळते ती महिन्याच्या पत्रकांत, म्हणजे पैसे खर्च होऊन गेल्यावर. यास्तव रोजकीर्दीचें काम खिशांतल्या स्मार्टफोनवर सोंपवावें.

प्रत्येक व्यवहाराचा संदेश बँक पाठविते. तो वाचल्यावांचून पुसूं नये. परंतु सुटे संदेश बेरीज करीत नाहींत. पत्रकांत अद्याप न आलेले व्यवहार बँकेच्या ॲपमध्यें निराळे दाखविलेले असतात. दर रविवारीं ते पाहून किराणा, औषधें, प्रवास अशा खात्यांखालीं वहींत उतरवावेत व बेरीज करावी. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळें २०२० पासून ॲपमधूनच व्यवहारांवर मर्यादाही घालतां येते.

पत्रकांतील ‘किमान देय रक्कम’ हे शब्द मात्र फसवे आहेत. तेवढीच भरल्यास उरलेल्या रकमेवर व्याज चढतें, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दरमहा साडेतीन टक्के दर धरल्यास १०,००० रुपयांवर महिन्याला ३५० रुपये होतात. पत्रक येण्यापूर्वींच ज्याला त्याचा आंकडा ठाऊक असतो, त्याला तें पुरतें फेडण्याची तजवीज वेळेवर करतां येते.